शेजाऱ्याची जमीन हवी आणि शेजारीही हवा: आयोवातल्या शेतीचं गणित

विमानातून अमेरिकेतलं आयोवा राज्य पाहिलं तर कुणीतरी चौकटीची वही उलगडून ठेवल्यासारखं दिसतं. एक मैल लांब आणि एक मैल रुंद असा एकेक चौकोन. त्याला ‘सेक्शन’ म्हणतात आणि त्यात ६४० एकर बसतात. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाला पुरेल एवढं रान असं एकोणिसाव्या शतकात धरलं जाई. १८६२ च्या होमस्टेड कायद्यातला वाटाही एवढाच होता. म्हणजे एका चौकोनात साधारण चार घरं. गावठाण मध्ये आणि शिवार भोवती, ही आपली रचना तिथे नाही. घर शेतातच असतं, शेजारी अर्ध्या मैलावर, आणि पाच-दहा मैलांवर एक छोटं टाऊन: पाण्याची टाकी, चर्च, शाळा, बँक आणि धान्याची उंच सिमेंटची कोठारं, म्हणजे ‘एलिव्हेटर’.

आज पुष्कळ चौकोनांत एखादंच घर उरलं आहे. काही ठिकाणी मक्याच्या मधोमध झाडांचा नुसता पुंजका दिसतो. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडं तेवढी राहिली, घर केव्हाच पाडलं आणि अंगणातही पेरणी झाली.

आकडे सांगतो, पण ते जपून वाचावेत. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषी गणनेत १९ लाख ‘फार्म’ मोजले गेले; १९३५ मध्ये ते ६८ लाख होते. सरासरी क्षेत्र ४६३ एकर, शेतकऱ्याचं सरासरी वय ५८. गोम अशी की, वर्षाला १,००० डॉलरचा माल विकला किंवा एरवी विकला गेला असता, तर सरकारदरबारी तो फार्म ठरतो. शनिवार-रविवारी कोंबड्या पाळणारा निवृत्त शिक्षकही त्यात आला आणि चार हजार एकर मका करणारं कुटुंबही आलं. म्हणून ‘अमेरिकी शेतकऱ्याचं सरासरी उत्पन्न’ अशा बातम्यांवर फार विसंबू नये. इथे बोलायचं आहे ते मधल्या माणसाबद्दल: सात-आठशे एकर मका-सोयाबीन करणारा, पोट शेतीवर असलेला.

एका एकराचा हिशेब

आयोवात एकरी मका साधारण २०० बुशेल पिकतो. मक्याचं एक बुशेल २५.४ किलोचं, म्हणजे एकरी पन्नास क्विंटलच्या वर. आपल्याकडच्या वाचकाला हा आकडा वाचून हेवा वाटेल. आता खर्चाची बाजू बघू. अलीकडच्या दरांवर बेतलेला हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्येकाच्या वहीत थोडाफार फरक असेल.

जमिनीचा खंड एकरी २७५ डॉलर. बियाणं ११५, एकरी ३२ ते ३४ हजार दाणे टोकले जातात आणि पिशवी ८० हजार दाण्यांची येते. खतं १६५, तणनाशकं वगैरे ६०. डिझेल, यंत्रांची दुरुस्ती आणि घसारा मिळून १४०. वाळवणी व वाहतूक ४५, मजुरी ४० (बहुतेक वेळा ही स्वतःचीच, आणि हातात न पडणारी), विमा, व्याज आणि किरकोळ ४०. बेरीज ८८० डॉलर. भागिले २०० बुशेल, म्हणजे बुशेलमागे ४ डॉलर ४० सेंट खर्च.

एलिव्हेटरच्या फळ्यावर भाव ३ डॉलर ९० सेंट असला तर एकरी शंभर डॉलरचा खड्डा. ४०० एकर मक्याचे झाले ४०,००० डॉलर. हा खड्डा पिकानं पाडलेला नाही, पीक उत्तमच आलं आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हा भाव क्विंटलला जेमतेम १,३०० रुपये पडतो. आपल्याकडे २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये आहे. सोयाबीनही बुशेलला (२७.२ किलो) १० डॉलर म्हणजे क्विंटलला ३,१०० रुपयांच्या आसपास, आपला हमीभाव ५,३२८. तो आपल्या शेतकऱ्याला प्रत्यक्ष किती मिळतो हे लातूरच्या आडतीत बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

खर्चातली एकही मोठी बाब शेतकऱ्याच्या हातात नाही. खतांमध्ये अमोनिया वायूचा मोठा वाटा. त्यात ८२ टक्के नत्र असतं आणि तो पांढऱ्या टाक्यांतून दाबाखाली आणून जमिनीत सोडतात. २०२१-२२ मध्ये त्याचा भाव टनाला १,५०० डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी मकाही वधारला होता म्हणून ते खपून गेलं. नंतर मका घसरला. खंड, यंत्रं आणि बियाणं मात्र त्या वेगानं खाली आलं नाही. चढताना सगळे एकत्र चढतात, उतरताना पिकाचा भाव आधी उतरतो.

जमीन कुणाची

आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत २०२३ मध्ये एकराचा सरासरी भाव ११,८३५ डॉलर निघाला. वर्षाला शंभर डॉलर तोटा देणारा एकर इतक्याला कोण घेतं? ज्याच्याकडे कर्जमुक्त जमीन आधीच आहे, तो. जुन्या एकरांच्या जोरावर नवा एकर पेलता येतो. राज्यातली सुमारे दोन-तृतीयांश शेतजमीन पासष्टीपुढच्या मालकांच्या नावावर आहे आणि तिचा फार मोठा भाग कर्जमुक्त आहे. तरुणाला त्यात शिरायला दार फक्त खंडाचं किंवा वारशाचं.

खंडाची पद्धत समजून घ्यायला दोन तारखा पुरतात. खंडाचं वर्ष १ मार्चला सुरू होतं, आणि कुळाला काढायचं असेल तर मालकानं आदल्या १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस गेली नाही तर करार त्याच अटींवर पुढे चालू. त्यामुळे ऑगस्ट हा तिथे नाजूक महिना असतो. मालकीण बहुतेक वेळा टाऊनमध्ये राहणारी वृद्ध विधवा, किंवा शिकागो-डेन्व्हरला असलेली तीन भावंडं. त्यांना एखाद्या मोठ्या शेतकऱ्याचा फोन जातो: ‘सध्याचा माणूस किती देतो? मी एकरी तीस डॉलर जास्त देईन.’

हा फोन लबाडीनं केलेला असतोच असं नाही. आठ लाख डॉलरच्या हार्वेस्टरचा हप्ता ७०० एकरांवर बसवला तर जड जातो, १,५०० एकरांवर बसवला तर निम्मा होतो. म्हणजे नफा घटला की त्यावर प्रत्येकाला सुचणारा उपाय एकच, आणखी जमीन. ती जमीन आभाळातून पडत नाही. ती शेजाऱ्याची असते. एकाचा हिशेब जुळला की दुसऱ्याचं घर झाडांच्या पुंजक्यात जमा होतं. त्या घरातली तीन मुलं शाळेतून जातात, एक हात अग्निशमन दलातून जातो, चर्चमधला एक बाक रिकामा होतो. पुढे जे काही सांगायचं आहे ते सगळं याच गाठीपाशी येऊन थांबतं.

माल विकायचा कुठे आणि कसा

आडत्या नाही, लिलाव नाही. ट्रक एलिव्हेटरच्या काट्यावर चढतो, वरून नळी खुपसून नमुना घेतात आणि ओलावा, घनता, काडीकचरा तपासतात. मक्याला १५ टक्के ओलावा हे माप, सोयाबीनला १३. त्यावर प्रत्येक टक्क्यामागे वजनात घट धरतात, अनेक ठिकाणी १.४ टक्क्यांच्या आसपास, आणि वाळवणीचा आकार वेगळा. १९ टक्के ओला मका घाईनं नेला तर पन्नास क्विंटलचे सत्तेचाळीस होतात आणि वर पैसे कापले जातात. म्हणून बहुतेकांकडे गॅसवर चालणारा स्वतःचा ड्रायर आणि पत्र्याची गोल कोठारं असतात.

भाव ठरतो तो १८४८ साली स्थापन झालेल्या शिकागोच्या वायदेबाजारात. पण शिकागोचा भाव हातात पडत नाही. शिकागोत डिसेंबरचा मका ४.५० असेल आणि गावच्या फळ्यावर ४.१५, तर हा उणे ३५ सेंटचा फरक म्हणजे ‘बेसिस’. वाहतूक, साठवणीची जागा आणि जवळपासची मागणी यांचा तो आरसा आहे. जवळ इथेनॉलचा कारखाना असेल तर फरक कमी होतो. देशातल्या मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इथेनॉलकडेच जातो. उलट मिसिसिपी नदीचं पाणी उतरलं की बार्ज, म्हणजे सपाट तळाचे मालवाहू तराफे, अर्धवट भरून न्यावे लागतात, वाहतूक महागते आणि फरक वाढतो. २०२२ आणि २०२३ च्या शरद ऋतूत, ऐन काढणीत, हेच झालं. नदी पाचशे मैल दक्षिणेला आटली आणि आयोवातल्या बुशेलचे सेंट गळाले.

जाणता शेतकरी सगळा माल एकदम विकत नाही. थोडा वसंतातच पुढच्या तारखेच्या करारानं बांधतो, थोडा काढणीला देतो, उरलेला कोठारात ठेवून मे-जूनची वाट बघतो. फसगत दोन ठिकाणी होते. जितका पिकेल त्याहून जास्त माल आधीच बांधून ठेवला आणि पाऊस दगा देऊन गेला, तर बाजारातून महाग घेऊन करार पुरा करावा लागतो. किंवा वायद्यात विक्री करून ठेवली आणि भाव वर उसळला, तर रोजच्या रोज मार्जिन, म्हणजे वाढलेल्या भावाच्या फरकाची रक्कम, भरावं लागतं. शेवटी नुकसान होणार नसतं, कारण शेतातला माल महाग झालेला असतो, पण बँकेला ते त्या आठवड्यात पटवून देणं अवघड असतं.

आणि मग चीन. शी जिनपिंग १९८५ मध्ये हपेई प्रांतातले एक तरुण अधिकारी म्हणून आयोवातल्या मस्कटीन गावी राहून गेले होते; २०१२ मध्ये ते जुन्या ओळखीच्यांना भेटायला त्याच गावी पुन्हा चहाला आले. त्या ओळखीचं आयोवाला कौतुक फार. पण २०१८ मध्ये व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि खरेदीदार ब्राझीलकडे वळले. २०२५ मध्ये काढणी सुरू झाली तरी नव्या पिकाला चीनची मागणी नव्हती; ऑक्टोबरअखेर दोन्ही राष्ट्राध्यक्षांची भेट झाल्यावर खरेदीचं आश्वासन आलं. मधल्या काळात ब्राझीलनं नवी बंदरं आणि नवं रान उभं केलं. ते आता माघारी जाणार नाही.

विमा आणि सरकार: कड्यावरून पडणाऱ्यासाठी जाळी

आपल्याकडे एक समज आहे की अमेरिकी शेतकऱ्याला सरकार सगळं देतं. बरंच देतं, हे खरं. कसं देतं ते पाहिलं की त्यातलं भोकही दिसतं.

मुख्य आधार ‘उत्पन्न विमा’. १५ मार्चच्या आत तो घ्यावा लागतो आणि हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं. फेब्रुवारी महिन्यात शिकागोच्या डिसेंबर वायद्याची जी सरासरी निघते तो आधारभाव. २०२४ मध्ये तो ४.६६ डॉलर होता. समजा शेताची सिद्ध सरासरी २०० बुशेल आणि संरक्षण ८० टक्के घेतलं, तर हमी झाली २०० × ०.८० × ४.६६, म्हणजे एकरी ७४६ डॉलर. ऑक्टोबरमध्ये भाव पुन्हा मोजतात. त्या वर्षी ४.१६ निघाला. पीक १९० बुशेल आलं तर उत्पन्न ७९० डॉलर, हमीपेक्षा जास्त, म्हणून भरपाई शून्य. खर्च ८८० होता, हे विम्याच्या गणितात कुठेच येत नाही. गारपिटीनं पीक १५० वर आलं असतं तर उत्पन्न ६२४ आणि भरपाई सुमारे १२२ डॉलर.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. २०२३ चा आधारभाव ५.९१ होता, तेव्हा हीच हमी ९४६ डॉलरची होती. एका वर्षात जाळी दोनशे डॉलर खाली सरकली. दुष्काळाच्या एका फटक्याला हा विमा चोख आहे: २०१२ मध्ये पीक जळालं आणि भाव ५.६८ वरून ७.५० झाला, तेव्हा हमी वरच्या भावानं मोजली गेली आणि अनेकांची शेती त्यामुळेच टिकली. पण भाव तीन-चार वर्षं हळूहळू झिजत राहिला तर विमाही सोबत झिजतो.

शिवाय एक संदर्भभाव असतो. मक्याचा ३.७० डॉलर होता. २०२५ च्या कायद्यानं तो ४.१० केला आणि सोयाबीनचा ८.४० वरून १०. ही सरकारी खरेदी नव्हे. बाजारभाव त्याखाली गेला तर फरकाची रक्कम मिळते, आपल्या भावांतर योजनेच्या जातीची. ती जुन्या नोंदलेल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर मिळते, आणि तीही विक्रीचं वर्ष संपल्यावर, म्हणजे पीक काढल्यानंतर जवळजवळ वर्षभरानं. बँकेचा खेळतं भांडवल देणारा माणूस मात्र जानेवारीतच फाईल उघडून बसलेला असतो.

त्या फाईलची भीती जुनी आहे. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, सरकारच ‘कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा’ म्हणत होतं, आणि लोकांनी जमिनी तारण ठेवून जमिनी घेतल्या. मग जानेवारी १९८० मध्ये सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी आली, व्याजदर वीस टक्क्यांवर गेले, आणि आयोवातल्या एकराचा भाव १९८१ च्या २,१४७ डॉलरवरून १९८६ मध्ये ७८७ वर कोसळला. तारणच वितळलं. त्यानंतर १९८६ मध्ये दोन गोष्टी आल्या: शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरीचं स्वतंत्र प्रकरण, ज्यात जमीन न विकता तीन ते पाच वर्षांची परतफेड ठरवता येते, आणि आयोवात, बँकेनं जप्तीआधी मध्यस्थापुढे बसलंच पाहिजे असा नियम. हे दोन्ही आजही वापरात आहेत.

त्याही आधी लोकांनी स्वतःच जप्ती रोखली होती. १९३० च्या दशकात लिलावाला शेजारी गर्दी करून बसत, एका पेनीची बोली लावत, बाहेरच्या माणसाला बोलू देत नसत, आणि गुरं-अवजारं मूळ मालकाला परत करत. १९३३ मध्ये ले मार्स गावी तर जप्तीचे हुकूम देणाऱ्या न्यायाधीशाला शेतकऱ्यांनी कोर्टातून ओढून नेऊन गळ्यात दोर अडकवला होता. राज्यपालांना तिथे लष्करी कायदा पुकारावा लागला. आजचा लिलाव शांत असतो. मोबाईलवरही बोली लागते, आणि बोली लावणारे शेजारीच असतात.

यंत्र उभं राहिलं तर

नव्या ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या धुराच्या नळीत युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा असते. तिच्यातला एक सेन्सर बिघडला की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो आणि यंत्र जेमतेम रांगत राहतं. सेन्सर बदलणं अर्ध्या तासाचं काम. पण बदलल्यावर तो ‘ओळख करून’ द्यावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर डीलरच्या लॅपटॉपवर असतं. वाफसा आलेला आहे, परवा पाऊस आहे, आणि डीलरचा माणूस गुरुवारी येणार. म्हणून पुष्कळ जण मुद्दाम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची यंत्रं शोधून घेतात, आणि त्यांना लिलावात चढा भाव येतो.

शेतकऱ्याला यंत्र स्वतः दुरुस्त करता यावं, यासाठी जानेवारी २०२३ मध्ये जॉन डियर ही ट्रॅक्टर कंपनी आणि शेतकऱ्यांची फार्म ब्युरो संघटना यांच्यात सामंजस्य करार झाला. कोलोरॅडो राज्यानं तर तसा कायदाच केला, १ जानेवारी २०२४ पासून लागू. तरी जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानं दुरुस्तीच्या हक्कावरूनच कंपनीवर खटला भरला. भांडण मिटलेलं नाही.

डुकरं आणि पाणी

जमीन न मिळालेल्या तरुणाला एक वाट उरते: डुकरांची शेड. चार एकर पुरतात. पिल्लं, खाद्य आणि डॉक्टर कंपनीचे. शेड, कर्ज, मेहनत आणि खालच्या खड्ड्यातला मैला शेतकऱ्याचा. मोबदला शेडमध्ये किती डुकरांची जागा आहे त्यानुसार ठरलेला, म्हणून बँक कर्ज देते, आणि मैला मक्याला खत म्हणून सोन्यासारखा. अनेक शेड २,४९९ डुकरांच्या असतात, कारण २,५०० पासून परवान्याचे नियम बदलतात. बत्तीस लाख माणसांच्या राज्यात दोन कोटींहून अधिक डुकरं आहेत. वास शेजाऱ्याच्या घरात जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे जेवलेली घरं कोर्टात भेटतात.

जमिनीखाली पाणी काढायच्या नळ्या असतात. त्यांतून नत्र ओढ्यात, ओढ्यातून नदीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमवर गेलं की ते धोक्याचं. दे मॉइन शहराच्या पाणीपुरवठ्यानं २०१५ मध्ये उत्तरेकडच्या तीन काउंटींवर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यासाठी दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. शहर आणि शेत यांच्यातली कटुता राहिली. शेतकऱ्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे: नत्र कमी टाकून उत्पन्न घटलं तर तो तोटा पुन्हा त्याच्याच एकरावर.

शाळेचं नाव लांबत जातं

एखादं टाऊन किती आटलं हे शाळेच्या नावावरून कळतं. दोन शाळा एक झाल्या की जोडनाव येतं. आयोवात ‘एजीडब्ल्यूएसआर’ नावाचा शाळा-जिल्हा आहे: ॲकली, जिनीव्हा, वेल्सबर्ग आणि स्टीमबोट रॉक, चार गावांची आद्याक्षरं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात ४४० च्या आसपास शाळा-जिल्हे होते, आता ३२५ च्या आसपास. अकरा मुलं जमत नाहीत तिथे आठ जणांचं फुटबॉल खेळलं जातं, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच मैदानाभोवती अख्खं गाव गाड्या लावून बसतं.

शाळा जाण्यात एक आर्थिक मेखही आहे. स्वतःच्या पैशानं आरोग्यविमा घेणं शेतकरी कुटुंबाला फार महाग पडतं. म्हणून नवरा शेती बघतो आणि बायको शाळेत, दवाखान्यात किंवा कोर्टाच्या कचेरीत नोकरी करते. तो पगार घरखर्चाला आणि विमा सगळ्या कुटुंबाला. शाळा मिटली की पंचवीस मैलांवरच्या शेतीचा आधार निघतो. दवाखान्यांचंही तेच. २०१० पासून देशात शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालयं बंद पडली किंवा त्यांनी खाटा बंद केल्या, आणि जी उरली त्यांतल्या पुष्कळांनी प्रसूती विभाग आधी मिटवला.

२०१० ते २०२० या दशकात आयोवाच्या ९९ काउंटींपैकी दोन-तृतीयांशांहून थोड्या जास्त काउंटींत माणसं घटली. ज्या छोट्या गावांत मुलं वाढताना दिसतात तिथे बहुधा मांस-प्रक्रियेचा कारखाना असतो आणि मुलं लाओस, मेक्सिको, ग्वाटेमालाहून आलेल्या घरांतली असतात. स्टॉर्म लेक हे त्याचं ठळक उदाहरण. हा आधारही किती कच्चा आहे ते पोस्टव्हिल गावानं १२ मे २००८ ला पाहिलं: एका छाप्यात ३८९ कामगार धरले गेले आणि दोन-अडीच हजारांच्या गावातले वर्ग दुसऱ्या दिवशी निम्मे रिकामे.

कोठारात माणूस अडकतो तेव्हा

गावाला माणसं का लागतात हे सर्वांत स्पष्ट कळतं ते इथे. भावाची वाट बघत मका कोठारात ठेवला, तो नीट वाळला नव्हता, तर मे महिन्याच्या उबेत त्याला बुरशी येते. दाणे चिकटून वर कवच बनतं. खालून माल काढताना कवचाखाली पोकळी राहते, किंवा गठ्ठा तोंडाशी अडकून प्रवाह थांबतो. माणूस काठी घेऊन आत उतरतो. खाली ओढणारा स्क्रू चालू असेल तर चार-पाच सेकंदांत गुडघे बुडतात आणि वीसेक सेकंदांत डोकं. दुसरा प्रकार कवच फुटण्याचा, तिसरा भिंतीला चिकटलेली मक्याची उभी दरड अंगावर येण्याचा.

काळजी काय घ्यायची ते सगळ्यांना पाठ असतं: उन्हाळ्यापर्यंत ठेवायचा मका १४ टक्क्यांवर आणायचा, भरल्यावर मधला भुकटीचा गाभा थोडा काढून घ्यायचा म्हणजे हवा खेळते, पंखे चालवायचे, आत जायचंच तर यंत्राची कळ बंद करून कुलूप लावायचं, कमरेला दोर, आणि दाराशी दुसरा माणूस. अपघात होतो तो एकट्यानं काम करणाऱ्याचा, घाईत, ट्रक खाली उभा असताना.

मग सोडवायचं कसं? दोर बांधून ओढायचं नाही. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसावर धान्याची पकड इतकी असते की पाठीचा कणा दुखावतो. त्याच्याभोवती पत्र्याच्या फळ्या एकेक करून खुपसून नळकांडं बनवतात, म्हणजे नवं धान्य येत नाही, आणि आतलं धान्य छोट्या स्क्रूनं किंवा व्हॅक्युमनं काढतात. माणूस पूर्ण बुडाला असेल तर कोठाराच्या पत्र्याला बाहेरून समोरासमोर, सारख्या अंतरावर भोकं पाडतात. एकाच बाजूनं कापलं तर वजन कलतं आणि कोठारच कोसळतं.

हे सगळं करणारं अग्निशमन दल पगारी नसतं. बियाणं विकणारा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, शेजारचे दोन शेतकरी. कमरेला पेजर, रात्री-बेरात्री हाक आली की धाव. फळ्यांच्या संचासाठी पैसे जमतात ते पॅनकेकच्या जेवणावळीतून आणि एलिव्हेटरच्या देणगीतून. खरी अडचण दिवसाढवळ्याची आहे. दुपारी दोन वाजता गावात धावायला कोण असतं? तरुण चाळीस मैलांवर नोकरीला, उरलेले साठीचे. रुग्णवाहिकेचंही तसंच, ती कायद्यानं ‘अत्यावश्यक सेवा’ नव्हती. २०२१ च्या कायद्यानं काउंटीला मतदान घेऊन तसं जाहीर करायची आणि कर लावायची मुभा मिळाली.

मनावरच्या ताणाबद्दल तिथे आता उघड बोललं जातं, पूर्वी बोललं जात नसे. शेतकऱ्यांतल्या आत्महत्यांचं प्रमाण तिथेही जास्त आहे आणि कारणं विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला ओळखीची वाटतील: कर्ज, एकटेपणा, आणि आजोबांची जमीन आपल्या हातून जाणार ही लाज. विद्यापीठानं १९८५ मध्ये सुरू केलेली ‘आयोवा कन्सर्न’ ही मदतवाहिनी अजून चालू आहे. देशभरासाठी २०२२ पासून ९८८ हा क्रमांक आहे. अनेकदा पहिली शंका येते ती पशुवैद्याला किंवा बियाणंवाल्याला: गुरं हडकलेली, अंगणात टपाल साचलेलं, ठरलेला माणूस कॉफीला येईनासा झालेला. म्हणून ही प्रशिक्षणं आता त्यांना देतात.

इर्जिक

एखादा शेतकरी सप्टेंबरमध्ये आजारी पडला किंवा गेला, आणि सहाशे एकर उभे असतील, तर जे होतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: इर्जिक. बहुधा एलिव्हेटरचा व्यवस्थापक किंवा बियाणंवाला फोन फिरवतो. आधी विमा एजंटला कळवतात, कारण त्या शेतांचं उत्पन्न वेगळं मोजून नोंदवावं लागतं. कुठली जमीन स्वतःची, कुठली खंडाची, कुठल्या करारात कुठला माल जायचा, याचा नकाशा घरातल्या बाईंसोबत बसून काढतात. मग आठ-दहा हार्वेस्टर, प्रत्येकामागे धान्यगाडी, पंधरा-वीस ट्रक. एलिव्हेटर त्या दिवशी रांग तोडून आत घेतं. डिझेल सहकारी संस्था देते. वाळलेल्या मक्यात ठिणगी पडायला वेळ लागत नाही, म्हणून आगीचा बंब बांधावर उभा. दुपारी चर्चच्या बायका हॅमचे सँडविच आणि गोड वड्या घेऊन येतात. संध्याकाळच्या आत रान मोकळं होतं. आलेल्या प्रत्येकाचं स्वतःचं पीक तेव्हा उभं असतं आणि आभाळात ढग असू शकतात.

त्या सहाशे एकरांना १ मार्चपासून नवा कसणारा लागणार, हे रानात उभ्या प्रत्येकाला माहीत असतं. हार्वेस्टर चालवणाऱ्यांतल्या तिघा-चौघांना ती जमीन हवी असते, दोघांना तर तिच्यावाचून बँकेची फाईल जुळणार नसते. सँडविच खाताना त्यावर कुणी बोलत नाही. फोन नाताळनंतर जातात.